समुद्रावर पडलेलं ऊन, रबाळ्यातली आंघोळ

नवी मुंबईत, रबाळ्यातल्या एखाद्या घरात पाच-सहा माणसं राहतात. सगळ्यांच्या आंघोळी, तेलकट भांडी, थोडंफार धुणं धरून दिवसाला २०० लिटर गरम पाणी लागतं असं समजू. नळाचं २५ अंशांचं पाणी ५५ अंशांवर न्यायला सात युनिट उष्णता द्यावीच लागते. हा हिशेब निसर्गाचा आहे, त्यात कुणालाही सूट नाही. गिझर ही सगळी उष्णता विजेतून काढतो, म्हणून बिलात सात युनिटं चढतात. हीट पंप नावाचं यंत्र तेच पाणी तितकंच गरम करतं आणि बिलात चढतात फक्त दोन युनिटं.

दोन आत गेली, सात बाहेर आली! मग मधली पाच आली कुठून?

हवेतून. ठाण्याच्या खाडीवरून येऊन पारसिकच्या डोंगराला थडकणारी, रबाळे स्टेशनच्या फलाटावर उभ्या माणसाचा शर्ट अंगाला चिकटवणारी ती हवा. तिच्यातूनच हे यंत्र रोज पाच युनिट उष्णता काढून घेतं, आणि त्या पाच युनिटांचं बिल कुणी पाठवत नाही.

पण २८ अंशांच्या हवेतून ५५ अंशांचं पाणी निघेलच कसं? हवा तर पाण्यापेक्षा गार! इथे एक क्षण थांबायला हवं, कारण आपली पहिली चूक इथेच होते. २८ अंश म्हणजे ‘थोडीशी उष्णता’ असं आपण धरून चालतो. वास्तविक शून्य अंश ही पाणी गोठण्याची खूण आहे, उष्णता संपण्याची नव्हे. उष्णता संपते ती उणे २७३ अंशांवर. तिथून मोजलं तर रबाळ्याची हवा ३०१ अंश वर आहे. तिच्यातला प्रत्येक रेणू सरासरी ताशी १,७०० किलोमीटरच्या आसपास वेगानं धावतोय, आवाजापेक्षाही जोरात. ही धावपळ म्हणजेच उष्णता. तुम्ही आत्ता हे वाचत बसला आहात ते उष्णतेच्या समुद्रात बुडून.

अडचण उष्णतेच्या कमतरतेची नाहीच. अडचण आहे उताराची. उष्णता आपणहून गरमाकडून गाराकडेच वाहते. उलट दिशेनं न्यायची तर तिला उचलावं लागतं. तुमच्या इमारतीच्या खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत कसं जातं? पंप ते पाणी तयार करत नाही, असलेलं उचलतो. वीज लागते ती उचलण्यापुरती. हीट पंपही उष्णता तयार करत नाही. हवेत पसरलेली उष्णता गोळा करून तो ती वरच्या पायरीवर, पाण्याच्या टाकीत चढवतो. टाकी जितकी उंच तितकी वीज जास्त, हेही इथे तंतोतंत लागू पडतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे घर बांधताना तिचे पैसे होणार आहेत.

आता प्रश्न असा, की उष्णता उचलायची कशानं? तिला ना बादली ना दोर. उत्तर आपल्या स्वयंपाकघरात दडलेलं आहे. पाणी १०० अंशांवर उकळतं हे आपण शाळेत शिकलो, पण ते समुद्रसपाटीपुरतंच खरं. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांवर उकळतं, एव्हरेस्टच्या माथ्यावर ७१ अंशांच्या आसपास. उलट कुकरमध्ये, शिट्टीच्या दाबाखाली, ते १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे उकळण्याचा अंश पक्का नसतोच, तो दाब ठरवतो. दाब हातात असेल तर उकळण्याचा अंश हातात आला!

याच्या जोडीला दुसरं नवल. पातळ पदार्थ उकळून वाफ होताना भरमसाट उष्णता गिळतो आणि त्या वाफेचं पुन्हा पातळ होताना ती सगळी परत करतो. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका भयंकर असतो तो यामुळेच. वाफ कातडीवर पाणी होते आणि गिळलेली उष्णता तिथेच ओतते.

मग पाण्याऐवजी असा पदार्थ घेतला, जो मुळातच फार कमी अंशांवर उकळतो, तर? आर-१३४ए नावाचा वायू साध्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. प्रोपेन उणे ४२ अंशांवर, आणि हा प्रोपेन घरच्या सिलिंडरातही ब्युटेनबरोबर भरलेला असतो. नव्या एसींमधला आर-३२ तर उणे ५१-५२ अंशांवरच उकळतो.

हीट पंपाच्या आत काय चालतं ते आता पाहा. कॉइलच्या नळ्यांत आर-१३४ए सुमारे पाच वातावरणांच्या दाबाखाली वाहतो आहे. त्या दाबाला तो १५ अंशांच्या आसपास उकळतो. बाहेर पंखा २८ अंशांची हवा कॉइलवर सोडतो. आपल्याला ती हवा कोमट, पण त्याच्या लेखी तो जाळच! तो खळखळून उकळतो आणि हवेची उष्णता गिळून वायू होतो. मग कॉम्प्रेसर हा वायू आवळून दाब सतरा वातावरणांच्या घरात नेतो. त्या दाबाला तो ६० अंशांवरच पातळ होऊ लागतो. आता त्याला टाकीभोवतीच्या नळीतून फिरवलं, की टाकीतलं ५० अंशांचं पाणीही त्याला गार वाटतं. तो पातळ होतो आणि हवेतून आणलेली सगळी उष्णता पाण्याच्या पदरात टाकतो. पुढे एका बारीक झडपेतून सुटताच दाब कोसळतो, तो पुन्हा गार होतो आणि कॉइलकडे निघतो. हे चक्र वर्षानुवर्षं फिरत राहतं आणि त्यातला थेंबही खर्ची पडत नाही. म्हणून ‘गॅस संपला’ असं कुणी म्हणालं तर समजावं, की तो संपलेला नाही, कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधायची, मगच गॅस भरायचा.

हे यंत्र माणसाला सुचलं कसं, ही गोष्टही तितकीच रंजक आहे. १८२४ साली सादी कार्नो या २८ वर्षांच्या फ्रेंच इंजिनिअरनं पॅरिसमध्ये एक छोटं पुस्तक छापलं. उष्णतेतून जास्तीत जास्त काम किती मिळू शकतं, हा त्याचा प्रश्न होता. पुस्तकाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. ३६व्या वर्षी कॉलऱ्याच्या साथीत कार्नो गेला. पण पुस्तक निघालं त्याच वर्षी बेलफास्टमध्ये एक मूल जन्माला आलं होतं, विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन. तरुण थॉमसन पॅरिसला गेले तेव्हा कार्नोचं पुस्तक शोधत दुकानं पालथी घालत होते. तेव्हा ते मिळालं नाही, पण कार्नोचा विचार त्यांनी सोडला नाही.

त्या काळात पियाझी स्मिथ या स्कॉटलंडमधल्या खगोलशास्त्रज्ञानं उष्ण कटिबंधातल्या घरांची हवा यंत्रानं गार करण्याची कल्पना मांडली होती. केल्विननी १८५२ साली त्याच विषयावर निबंध लिहिला आणि दाखवून दिलं, की हेच यंत्र उलट वापरलं तर घर गरम करता येतं, आणि तेही थेट इंधन जाळण्यापेक्षा कितीतरी कमी खर्चात. लक्षात येतंय ना? आज आपण ज्याला थंड देशांचं यंत्र समजतो, त्याच्या विचाराची सुरुवात आपल्यासारख्या उकाड्याच्या मुलखापासून झाली!

त्याच दशकात ऑस्ट्रियातल्या एबेनझे गावी पीटर फॉन रिटिंगर यांनी या तत्त्वावर मिठाचं पाणी आटवून पाहिलं. रबाळ्याच्या समोर, खाडीपलीकडच्या भांडुप-मुलुंडच्या मिठागरांत जे काम ऊन करतं, ते त्यांनी वाफ आवळून केलं. १९३८ साली झुरिकचा टाउन हॉल लिमाट नदीच्या गार पाण्यातल्या उष्णतेवर उबदार झाला. आज नॉर्वेसारख्या बर्फाळ देशात निम्म्याहून अधिक घरांत हीट पंप आहेत.

आता आपली बाजू पाहा. कार्नोच्या विचारातून एक सोपं सूत्र निघतं. उणे २७३ पासून मोजलेलं गरम बाजूचं तापमान घ्या आणि दोन्ही बाजूंतल्या फरकानं भागा. एका युनिट विजेत जास्तीत जास्त किती उष्णता चढवता येईल, ते कळतं. ऑस्लोत बाहेर उणे १० अंश असताना ५५ अंशांचं पाणी हवं असेल तर फरक ६५ अंशांचा आणि उत्तर येतं ५. रबाळ्यात २८ वरून ५५ वर जायचं तर फरक फक्त २७ आणि उत्तर येतं १२! प्रत्यक्ष यंत्रांत घर्षण आणि इतर गळती असते, म्हणून आपल्याला साडेतीन-चार मिळतात. पण चढ मुळातच इतका कमी असणं हे आपलं भाग्य आहे. नॉर्वेतला माणूस जे यंत्र घाटावर चढवतो, ते आपल्याकडे सपाटीवर धावतं.

आणि अजून सगळ्यात मोठं नवल सांगायचंच आहे.

जुलैतली दुपार. आभाळ भरलेलं, कपडे दोन दिवस वाळलेले नाहीत, भिंतीही दमट. अशा हवेत दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो, म्हणजे त्याहून गार कशालाही ही हवा टेकली की पाणी सुटतं. हीट पंपाची कॉइल १५ अंशांची. घरामागच्या ड्राय बाल्कनीत यंत्र चालू असेल तर खाली वाकून पाहा. कॉइलच्या पातळ पत्र्यांवर आधी बारीक घाम येतो, मग तो ओघळतो, ट्रेमध्ये जमतो आणि ड्रेनच्या नळीतून टपटप गळू लागतो. आता तो एक लिटर जमेपर्यंत थांबा आणि हिशेब करा. एक लिटर पाणी वाफेतून पातळ होताना जवळजवळ ०.६८ युनिट उष्णता सोडून जातं. २० लिटरची एक बादली २५ अंशांवरून आंघोळीच्या ४० अंशांवर आणायला लागतं सुमारे ०.३५ युनिट. म्हणजे नळीतून गळालेल्या एका लिटरनं दोन बादल्या तापवण्याइतकी उष्णता यंत्राच्या हवाली केली!

ही उष्णता त्या थेंबात आली कुठून? अरबी समुद्रावर ऊन पडलं, पाण्याची वाफ झाली. वाफ होताना तिनं उन्हाची उष्णता पोटात घेतली. मग वाऱ्यावर स्वार होऊन ती किनारा ओलांडून, खाडी ओलांडून तुमच्या ड्राय बाल्कनीपर्यंत आली आणि त्या गार कॉइलवर सगळं ओझं उतरवून मोकळी झाली. ज्या दमटपणाला आपण वर्षभर नावं ठेवतो, तो सूर्यानं भरलेला आणि वाऱ्यानं घरपोच केलेला उष्णतेचा साठा आहे. सोलर वॉटर हीटर ढगाळ दिवशी हात टेकतो. हीट पंप मात्र त्याच ढगाळ दिवशी, समुद्रावर आधी पडून गेलेलं ऊन वापरतो.

आता नजर थोडी बेडरूमकडे वळवा, कारण तिथे तुमचा पहिला हीट पंप कधीचाच लागलेला आहे. एसी म्हणजे हेच यंत्र. खोलीतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो. फ्रीजही तेच करतो, म्हणून त्याची बाजू हाताला गरम लागते. एसीवरच्या स्टारच्या पट्टीत आयएसईईआर नावाचा एक आकडा असतो. तो ५ असेल तर वर्षभराच्या सरासरीनं एका युनिट विजेत तो पाच युनिट उष्णता खोलीबाहेर काढतो.

आणि ‘दीड टन’ म्हणजे काय? एसी तर एवढा जड नसतो! टन हे बर्फाचं माप आहे. एक टनाचा एसी दिवसभरात जितकी उष्णता खेचतो, तितक्यात ९०७ किलो बर्फ वितळतो. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून तळ्यातला बर्फ भुशात गुंडाळून जहाजानं कोलकात्याला आला. लवकरच तो मुंबईलाही येऊ लागला आणि त्याच्यासाठी शहरात खास बर्फघर उभं राहिलं. महिनोन्‌महिने समुद्र ओलांडून येणारा तो गारवा आठवा. आज बेडरूमच्या भिंतीवरचा दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर दिवसाला १,३६० किलो बर्फाचं काम करतो.

हा एसी खोलीतून ताशी सव्वापाच युनिट उष्णता उपसतो. त्यात त्याची स्वतःची दीडएक युनिट वीज मिळवली की आउटडोअरमधून ताशी पावणेसात युनिटच्या आसपास उष्णता बाहेर पडते. घराला दिवसभर लागणाऱ्या गरम पाण्याला किती हवी होती? सात युनिट! एसी तासभर पूर्ण जोरात चालवून आपण जेवढी उष्णता गल्लीत फेकतो, तेवढीच दुसऱ्या दिवशी सकाळी गिझरकरवी विकत घेतो. एकाच घरात, एकाच मीटरवर.

म्हणून नवं घर बांधणाऱ्याला माझं सांगणं असं, की गारवा आणि गरम पाणी या दोन वेगळ्या खरेद्या समजू नका. उष्णता कुठे नको आहे आणि कुठे हवी आहे याचा एकच नकाशा काढा.

सुरुवात मात्र यंत्रापासून करू नका, भिंतींपासून करा. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं का? वरचा स्लॅब उघडा आहे का? खिडकीवर छज्जा आहे का? सावली, स्लॅबवरचा उष्णतारोधक थर आणि समोरासमोरच्या खिडक्या यांनी जी उष्णता आत येऊच दिली नाही, ती उपसावी लागत नाही. मग टन ठरवा. दुकानात चौरस फूट ऐकून सांगितलेला मोठा एसी रबाळ्याच्या हवेत तोट्याचा पडतो. तो खोली झटकन गार करून थांबतो, हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गार असते पण चिकचिक राहते. आणि ‘हॉट अँड कोल्ड’ एसीचे जादा पैसे देऊ नका. आपल्या थंडीत खोली तापवायची वेळ येत नाही.

आता पाण्याचा नकाशा. लिटर सांगता येत नसतील तर बादल्या मोजा. माणशी किती, दिवसाला किती, शॉवर आहे का, पाहुणे किती येतात. हीट पंपाचा स्वभाव धिम्या, चिवट माणसासारखा आहे. गिझर दोन-तीन किलोवॉट खेचून वीस मिनिटांत उरकतो. घरगुती हीट पंप किलोवॉटच्या आत-बाहेर वीज घेतो आणि दोन-तीन तासांत सावकाश टाकी तापवतो. म्हणून टाकी मोठी हवी. पाच-सहा माणसांना २०० लिटरची पुरते.

कधी चालवायचा? दुपारी. हवा तेव्हा सर्वात उबदार, म्हणजे चढ सर्वात कमी. गच्चीवर सोलर पॅनल असतील तर वीजही आपलीच. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या पॅनलला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. दुपारी तापलेलं पाणी चांगल्या आवरणाच्या टाकीत सकाळपर्यंत गरम राहतं.

किती तापवायचं? इथे मघाची उंच टाकी आठवा. ५५ ऐवजी ५० अंश पुरत असतील तर ५०च ठेवा. प्रत्येक अंश कमी केला की चढ कमी होतो आणि वीज वाचते. फक्त आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांवर न्या, म्हणजे साठवणीच्या कोमट पाण्यात वाढणारे जंतू मरतात. बहुतेक यंत्रांत यासाठी जोडीला विजेची कांडी असते.

जागा कुठे द्यायची? यंत्राला मोकळी हवा लागते. बंद कपाटात ठेवलं तर ते आपलाच गार श्वास पुन्हा ओढत बसतं. गच्ची चालेल, ड्राय बाल्कनी उत्तम. एसीचे आउटडोअर असतील तिथे जवळ ठेवलं तर त्यांनी फेकलेली गरम हवाच त्याचा खुराक होते. मात्र किती अंशांपर्यंतची हवा त्याला चालते, ते माहितीपत्रकात आधी पाहा. हीट पंपातून निघणारी गार, कोरडी हवा हा फुकटचा नफा आहे. डक्टनं ती स्वयंपाकघरात सोडता येते. भरलेली २०० लिटरची टाकी यंत्रासकट तीनशे किलोच्या आसपास जाते, म्हणून स्लॅबचा विचार इंजिनिअरला आधीच करू द्या. खाली ड्रेनचा उतार हवा, आणि पंखा शेजाऱ्याच्या झोपेच्या खिडकीकडे नको.

खाडीचा खारा वारा, दलदलीतून सुटणारे वायू आणि एमआयडीसीचा शेजार यामुळे या पट्ट्यात तांब्याच्या कॉइल लवकर खाल्ल्या जातात. गळतीचं मूळ बहुतेक वेळा तेच असतं. तेव्हा संरक्षक लेप दिलेली कॉइल मागा. टाकीत मॅग्नेशियमची कांडी आहे ना, हेही विचारा. पाणी टाकीचं लोखंड खाण्याऐवजी आधी या कांडीला खातं. ती झिजते आणि टाकी वाचते. हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांचे तांब्याचे पत्रे वाचवायला ही युक्ती काढली, तीही १८२४ सालीच, कार्नोच्या पुस्तकाच्या वर्षी! कांडी झिजून संपण्याआधी बदलायची, एवढंच लक्षात ठेवा.

पाइप विसरू नका. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपात मीटरला पाव लिटर पाणी बसतं. टाकी आणि बाथरूम यांत बारा मीटर अंतर असेल तर प्रत्येक वेळी आधी तीन लिटर गार पाणी वाहून जाणार. बाथरूम आणि स्वयंपाकघर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून ठेवली आणि गरम पाइपावर फोमचं आवरण चढवलं तर पाणी आणि वीज दोन्ही वाचतात. स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग तर हवंच.

विक्रेत्याला विचारायचा खरा प्रश्न एकच आहे: ‘एका युनिटला किती उष्णता देतो, आणि तो आकडा किती अंशांच्या हवेला, किती अंशांच्या पाण्याला?’ अंश सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. त्यानंतर गॅस कोणता ते विचारा. हवेत सुटला तर आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट पृथ्वी तापवतो, आर-३२ हा ६७५ पट, तर प्रोपेन अगदी नगण्य. प्रोपेन ज्वालाग्राही आहे, म्हणून त्याचं यंत्र जाणकारानंच आणि मोकळ्या जागीच बसवायला हवं.

गोठिवली, तळवली, घणसोली या गावठाणांत जुनी घरं पाडून तीन-चार मजली घरं उभी राहतात. वर घरमालक, खाली भाडेकरू. अशा घराला तर हे यंत्र फारच शोभतं. सहा बिऱ्हाडं, प्रत्येकी १०० लिटर, म्हणजे दिवसाला २१ युनिट उष्णता. सहा गिझर सकाळी सातला एकदम लागले तर बारा किलोवॉटचा भार पडतो. तीच उष्णता हीट पंपानं आठ तासांत सावकाश गोळा केली तर पाइपांतली गळती धरूनही वीज लागते किलोवॉटच्या आसपास. बारा किलोवॉटच्या जागी एक!

प्रत्येकानं हीट पंप घ्यावा का? नाही. दोघांचा संसार, दिवसाला तीन बादल्या, लहानसा फ्लॅट असेल तर साधा गिझरच बरा. यंत्राची किंमत वसूल व्हायला पाणी भरपूर लागायला हवं. मात्र मोठ्या कुटुंबाला, वसतिगृहाला, दवाखान्याला, हॉटेलाला हिशेब जमतो. महावितरणचे दर वापराबरोबर टप्प्याटप्प्यानं चढतात, आणि वाचलेली युनिटं सर्वात महाग टप्प्यातून वाचतात, हेही त्यात धरा.

उष्णता गोळा करण्याची ही कल्पना घरापुरती थांबत नाही. डेन्मार्कच्या ओडेन्से शहरात मेटाच्या डेटा सेंटरमधली उष्णता हीट पंपांनी चढवून हजारो घरांच्या नळांत आणि भिंतींत पोचवली जाते. रबाळे-महापे-ऐरोली पट्ट्यातही डेटा सेंटरं उभी राहिली आहेत आणि रात्रंदिवस सर्व्हर गार करून उष्णता आभाळात सोडताहेत. शेजारीच कारखाने आहेत, ज्यांना धुण्या-वाळवण्याला गरम पाणी लागतं. दोघांमध्ये अंतर आहे ते एका पाइपाचं आणि थोड्या विचाराचं.

तोवर आपल्या हातात आपलं घर आहे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि इंजिनिअर यांना प्लास्टरच्या आधी एकत्र बसवा. यंत्र लगेच घ्यायचं नसलं तरी जागा, ड्रेन, गरम-गार पाइप आणि एक पॉवर पॉइंट तेवढा ठेवून द्या. त्या वेळी हे काम थोडक्यात होतं, प्लास्टरनंतर त्यासाठी भिंत फोडावी लागते.